पोट एका डॉक्टरकडे, सांधे दुसऱ्याकडे

वाचकाचं पत्र, थोडं संक्षिप्त करून:

"मी ३४ वर्षांची आहे. गेली दोन वर्षं पोटाचं तंत्र बिघडलंय. जेवलं की पोट फुगतं, कळ येते, दिवसातून चार-पाच वेळा शौचाला पळावं लागतं. मध्येच आठवडाभर सगळं ठीक असतं. वर्षभरापासून सांधे धरतात. आधी गुडघा, मग घोटा, आता हाताची बोटं. सकाळी मूठ वळत नाही. पोटाच्या डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि एंडोस्कोपी करून आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, म्हणजे आतड्याचं काम बिघडण्याचा त्रास) आहे म्हणून सांगितलं. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून 'काही नाही' म्हटलं आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या, त्या मी जवळजवळ रोज घेते. हिमोग्लोबिन कायम कमी, लोहाच्या गोळ्या घेऊनही वाढत नाही. कुणीतरी सुचवलं म्हणून दोन महिन्यांपासून गहू बंद केलाय, थोडं बरं वाटतंय. घरचे म्हणतात, रिपोर्ट नॉर्मल आहेत, तू फार विचार करतेस. आता मलाही तसंच वाटायला लागलंय. कुणाकडे जाऊ? कुठली तपासणी राहिली आहे?"

ताई, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते अख्ख्या पत्रात सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. फार विचार केल्याने झोप उडते, पोटही बिघडतं, पण रक्तातलं लोह त्याने कमी होत नाही. आयबीएसनेही होत नाही. पाळी सुरू असलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी दिसलं की 'बायकांमध्ये असतंच' म्हणून ते बाजूला ठेवलं जातं, आणि हे मला मनापासून खटकतं. नियमित गोळ्या घेऊनही लोह चढत नसेल तर ते शरीराबाहेर तरी जातंय, नाहीतर आत शोषलंच जात नाहीये. दोन्ही शक्यतांचा माग आतड्यापर्यंत जाऊ शकतो. तेव्हा 'मनाचे खेळ' हा विषय इथेच संपवू.

मी तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे अमुकच आजार आहे असं सांगणार नाही. पण तुमच्या आतापर्यंतच्या तपासण्यांत काय पाहिलं गेलं आणि काय पाहायचं राहिलं, ते पत्रावरून बऱ्यापैकी कळतं.

तोंडातून नळी घालून केलेल्या एंडोस्कोपीत अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याची सुरुवात एवढंच दिसतं. त्याच्या पुढचं कित्येक मीटरचं लहान आतडं आणि संपूर्ण मोठं आतडं तुमच्या बाबतीत अजून कुणी आतून पाहिलेलंच नाही. सोनोग्राफीत यकृत, पित्ताशय, मूत्रपिंड छान दिसतं, पण आतड्याच्या अस्तरावरची सूज त्यात सहज निसटते. सांध्यांच्या एक्स-रेचं तसंच आहे. संधिवाताच्या सुरुवातीला सूज सांध्याच्या आवरणात असते, हाडाची झीज नंतर दिसते. पहिल्या वर्षातला एक्स-रे नॉर्मल आला म्हणून संधिवात नाही असं ठरत नाही. म्हणजे तुमचे रिपोर्ट नॉर्मल आहेत ते जेवढं पाहिलं गेलं तेवढ्यापुरते.

आणि दुसरी गोष्ट. पोटाच्या डॉक्टरांना सांध्यांचं सांगितलं होतंत का? हाडांच्या डॉक्टरांना जुलाबांचं? बहुतेक नसेल. विचारलं नाही, आपणही सांगितलं नाही, असंच होतं. दोघांनी आपापल्या अर्ध्या गोष्टीवरून निर्णय घेतला. पण आतडं आणि सांधे यांचा संबंध जवळचा आहे. शरीराची प्रतिकारशक्ती आतड्यात बिथरली की तिचे पडसाद सांध्यांत, डोळ्यांत, त्वचेवर उमटू शकतात.

सर्वांत आधी तपासायला हवेत असे दोन आजार आहेत.

पहिला सीलिॲक. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. जगात साधारण शंभरात एकाला तो असतो आणि त्यातल्या बऱ्याच जणांना पत्ताच नसतो. नुकसान सर्वांत जास्त होतं ते लहान आतड्याच्या सुरुवातीला, आणि लोहही मुख्यतः तिथेच शोषलं जातं. म्हणून कित्येक मोठ्या माणसांत पोटाची तक्रार नावापुरती असते आणि न हटणारा रक्तक्षय हीच मुख्य खूण असते. सांधेदुखी, तोंडात वारंवार फोड, कोपरांवर-गुडघ्यांवर प्रचंड खाजणारं पुरळ, हेही त्यात येतं.

तुमची एंडोस्कोपी झाली आहे ना? मग तो रिपोर्ट काढा आणि ड्युओडेनमची, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाची, बायोप्सी घेतली होती का ते बघा. सीलिॲकमध्ये आतड्याचं अस्तर नुसत्या डोळ्यांना अगदी नॉर्मल दिसू शकतं. तिथले चार-पाच बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तरच कळतं. बायोप्सीचा स्वतंत्र, पॅथॉलॉजिस्टच्या सहीचा कागद असतो. तो फाइलमध्ये नसेल तर बहुधा घेतलीच नसणार.

दुसरा गट आयबीडीचा, म्हणजे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस. नाव आयबीएससारखंच वाटतं, पण आजार पूर्ण वेगळा. आयबीएसमध्ये आतड्याचं काम बिघडतं, रचना शाबूत असते. आयबीडीमध्ये आतड्याला खरोखरची सूज आणि जखमा असतात. तो बहुतेकदा तरुण वयात सुरू होतो, आणि आतड्याबाहेरच्या त्रासांत सांधेदुखीचा नंबर पहिला लागतो. गुडघा, घोटा असे मोठे सांधे एकामागून एक धरतात आणि पोट बिघडलं की तेही उसळतात. काहींना मात्र बोटांचे लहान सांधे धरतात आणि त्यांचा पोटाच्या चढउताराशी काही मेळ नसतो. काहींची कंबर धरते, रात्री उत्तररात्रीला दुखण्याने जाग येते, उठून फिरलं की बरं वाटतं आणि पडून राहिलं की वाढतं. तुम्हाला कंबरेचा असा त्रास असेल तर तो आवर्जून सांगा. पत्रात तुम्ही लिहिलेलं नाही, पण कंबरदुखीला आपल्यातलं कुणी आजारात धरतच नाही.

क्रोन्सचं आवडतं ठिकाण म्हणजे लहान आतड्याचा शेवटचा भाग. तिथे तोंडातून घातलेली नळी पोचत नाही. आतड्याचा क्षयरोगही बहुतेकदा तिथेच होतो आणि हुबेहूब क्रोन्ससारखा दिसतो. जिथे क्षयरोग जास्त आहे तिथे हा फरक जिवाचा ठरतो, कारण क्रोन्सवरची, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं क्षयरोग्याला दिली तर आजार भडकतो.

बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगते. जुलाबांचा एखादा जोरदार संसर्ग होऊन गेल्यावर एक ते चार आठवड्यांत सांधे सुजू शकतात, म्हणून दोन वर्षांपूर्वी किंवा सांधे सुरू होण्याआधी असं काही झालं होतं का ते आठवा. थायरॉइड कमी-जास्त झाला तर पोट आणि अंगदुखी दोन्ही होतं. अगदी दुर्मीळ म्हणावा असा व्हिपल्स आजारही आहे. जॉर्ज व्हिपल यांनी १९०७ मध्ये एका ३६ वर्षांच्या डॉक्टरचं वर्णन केलं, त्याला सांधेदुखी होती, जुलाब होते, वजन उतरत चाललं होतं. त्या आजारात सांधे पोटाच्या कितीतरी वर्षं आधी दुखायला लागतात. तो तुम्हाला असेल असं मला वाटत नाही. पोट आणि सांधे एकत्र मांडून पाहायची पद्धत किती जुनी आहे, एवढ्यासाठी सांगितलं.

आता तुमच्या पत्रातल्या ज्या दोन गोष्टींनी मला काळजी वाटली, त्यांच्याबद्दल. तुम्ही भल्यासाठीच केल्यात, पण दोन्हींमुळे निदान अवघड होतं.

एक, गहू बंद करणं. सीलिॲकची रक्ततपासणी शरीरात तयार झालेली अँटिबॉडी मोजते. ग्लुटेन खाणं थांबलं की अँटिबॉडी हळूहळू उतरतात, आतड्याचं अस्तरही भरून यायला लागतं. अशा वेळी तपासणी केली आणि निगेटिव्ह आली तर त्या कागदाला अर्थ नाही. बरं वाटलं हाच पुरावा नाही का, असं तुम्ही विचाराल. नाही. गव्हात ग्लुटेनबरोबर फ्रुक्टन नावाची शर्कराही असते. ती आतड्यात आंबते आणि आयबीएसच्या लोकांनाही फुगवते. म्हणजे गहू सोडून बरं वाटणं सीलिॲकमध्ये होतं आणि साध्या आयबीएसमध्येही होतं. फरक मोठा आहे: सीलिॲक असेल तर जन्मभर, कणाकणाचं पथ्य लागतं, हाडांची घनता तपासावी लागते, भाऊ-बहीण-मुलांचीही तपासणी करावी लागते. आयबीएस असेल तर यातलं काहीच लागत नाही.

म्हणून डॉक्टरांशी बोलून गहू पुन्हा सुरू करा. तपासणीआधी किमान सहा आठवडे, रोज, एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन पोटात जायला हवं, असा दंडक आहे. त्रास वाढेल, हे मला कळतं. अगदीच सहन झालं नाही तर एचएलए-डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुकांची चाचणी करता येते. तिच्यावर खाण्याचा परिणाम होत नाही. दोन्ही जनुकं नसतील तर सीलिॲक जवळजवळ बादच होतो. असतील तर मात्र त्यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही, कारण निरोगी माणसांतही ती भरपूर आढळतात.

दोन, वेदनाशामक गोळ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन या जातीच्या गोळ्या जठरालाच नव्हे, तर लहान आतड्यालाही ओरखडे पाडतात. त्यातून थेंब थेंब रक्त जात राहतं, शौचात डोळ्यांना दिसतही नाही, आणि लोह उतरत जातं. आयबीडी असेल तर तो या गोळ्यांनी उसळू शकतो. तेव्हा घरातले सगळे जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा आणि एकच गोष्ट शोधा: हिमोग्लोबिन कमी व्हायला लागलं ते या गोळ्या सुरू होण्याआधी की नंतर? आधीच कमी असेल तर आतड्याच्या मूळ आजाराकडे बोट जातं. नंतर उतरलं असेल तर गोळ्या स्वतःच आरोपी असू शकतात. डॉक्टर या एका उत्तरावरून पुढची दिशा ठरवतील. दरम्यान गोळी बदलता येईल का ते विचारा. पॅरासिटामॉल ठरलेल्या मात्रेत घेतलं तर आतड्याला असा त्रास देत नाही.

याच ओघात आणखी एक. सांधेदुखीवर म्हणून कुणी बिननावाची पुडी किंवा चूर्ण दिलं आणि दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं, तर त्यात स्टेरॉइड असण्याची दाट शंका घ्या. स्टेरॉइडने सूज दबते आणि नेमकं तपासणीच्या दिवशी सगळं नॉर्मल दिसतं. घेत असाल तर लपवू नका, आणि मनानेच एकदम बंदही करू नका, तेही धोक्याचं असतं.

कुणाकडे जायचं? आधी एका चांगल्या फिजिशियनकडे, म्हणजे एमडी मेडिसिन झालेल्या डॉक्टरांकडे. तिथे पोट आणि सांधे एकाच टेबलावर मांडले जातात. त्यानंतर ते पोटाच्या तज्ज्ञांकडे आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवतील. संधिवाततज्ज्ञ म्हणजे ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट. हाडांचे डॉक्टर वेगळे, ते मुख्यतः शस्त्रक्रियेचे. सुजलेल्या सांध्यांमागचा आजार शोधणं हे ऱ्हुमॅटॉलॉजिस्टचं काम आहे.

तपासण्यांची मागणी तुम्ही करू नका, पण काय विचारायचं ते ठाऊक असू द्या. संपूर्ण रक्ततपासणीबरोबर फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), सीआरपी आणि ईएसआर (अंगात कुठे सूज आहे का ते दाखवणाऱ्या चाचण्या), थायरॉइड, बी१२, ड जीवनसत्त्व, यकृत आणि मूत्रपिंड. सीलिॲकसाठी टीटीजी-आयजीए ही अँटिबॉडीची चाचणी, आणि त्याच्यासोबत एकूण आयजीए. हे दुसरं अनेकदा विसरलं जातं. काही जणांच्या शरीरात आयजीए या प्रकारच्या अँटिबॉडी मुळातच बनत नाहीत, मग सीलिॲक असूनही पहिली चाचणी निगेटिव्ह येते. शौचाच्या तपासणीत कॅलप्रोटेक्टिन करता येतं. आतड्याला सूज असेल तर ते वाढतं, साध्या आयबीएसमध्ये सहसा नॉर्मल असतं. म्हणून कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून नळी घालून मोठं आतडं आतून पाहणं) लागेल का हे ठरवायला ते फार उपयोगाचं आहे. मात्र वेदनाशामक गोळ्यांनीही ते वाढतं, त्यामुळे नमुना देण्याआधी त्या साधारण दोन आठवडे थांबवता येतील का ते विचारून घ्या. कोलोनोस्कोपी ठरलीच, तर 'लहान आतड्याचा शेवटचा भाग पाहाल का, आणि सगळं नॉर्मल दिसलं तरी बायोप्सी घ्याल का?' एवढं आधी विचारा. असा एक कोलायटिस आहे जो फक्त बायोप्सीतच सापडतो.

एक सावधगिरी. स्वतःच लॅबमध्ये जाऊन संधिवाताचं पॅकेज करून येऊ नका. आरए फॅक्टर, एएनए, एचएलए-बी२७ या चाचण्या निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतात, आणि मग नसलेल्या आजाराची भीती मानगुटीवर बसते. शंभर पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' म्हणून होणारी आयजीजी चाचणीही नको. ती तुम्ही काय खाल्लंत ते सांगते, काय बाधतं ते नाही.

डॉक्टरांकडे जाण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवा. फार नको, दिवसाला दोन ओळी. नमुना देते: "मंगळवार. उठले ६.३०, मूठ पूर्ण वळली ७.४०. उजव्या हाताची दोन बोटं सुजलेली, अंगठी निघाली नाही. शौच ४ वेळा, एकदा रात्री ३ वाजता जाग येऊन. पातळ, चिकट आव, रक्त नाही. गोळी १." यातली मूठ वळायला लागलेली वेळ सोन्यासारखी आहे. सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाच्या आत सुटत असेल तर झिजेचा विचार होतो, तास-तासभर राहत असेल तर सुजेच्या संधिवाताचा. रात्री झोपेतून उठवणारे जुलाबही तसेच. आयबीएसचं पोट सहसा माणसाला झोपू देतं. सांधा सुजलेला असेल त्या दिवशी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी तो हटकून उतरलेला असतो. शौचाचं वर्णन करायला संकोच वाटत असेल तर ब्रिस्टल चार्ट म्हणून सात चित्रांचा एक तक्ता आहे, त्यातला नुसता आकडा लिहिला तरी चालतो.

आणि आत गेल्यावर पहिली गोष्ट सांगायची ती अशी: "डॉक्टर, मला दोन वर्षं जुलाब आणि पोटदुखी आहे, एक वर्ष सांधे सुजतात, सकाळी तासभर आखडलेले असतात, आणि लोह घेऊनही हिमोग्लोबिन वाढत नाही. आतापर्यंत पोट आणि सांधे वेगवेगळ्या डॉक्टरांनी पाहिले. हे तिन्ही मिळून एकच काही असू शकेल का?" तासभर हा शब्द तुमच्या वहीत काय निघतं त्याप्रमाणे बदला. मग थांबा, त्यांना विचारू द्या. आधीच्या डॉक्टरांबद्दलची तक्रार पहिल्या पाच मिनिटांत नको, ती रास्त असली तरी. शक्य असेल तर घरातल्या एकाला बरोबर न्या. 'फार विचार करतेस' म्हणणाऱ्यालाच न्या. डॉक्टर रक्तक्षयाबद्दल गांभीर्याने विचारतात हे त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं की घरातला अर्धा वाद मिटेल.

अपॉइंटमेंटची वाट न पाहता लगेच जायचं ते केव्हा, तेही लिहून ठेवा: शौचातून रक्त किंवा डांबरासारखं काळं शौच (लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळसर होतो, पण डांबरासारखा चिकटपणा आणि उग्र वास येत नाही), कारण नसताना उतरणारं वजन, न जाणारा बारीक ताप, असह्य पोटदुखी आणि उलट्या. एकच सांधा अचानक लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी. डोळा लाल होऊन दुखायला लागला आणि उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, आणि पोटाचा-सांध्यांचा त्रास त्यांनाही सांगा.

शेवटी, हे सगळं करूनही काही सापडलं नाही तर? तसंही होतं. आयबीएस आणि फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार) एकाच माणसात राहतात, आणि त्यांची वेदना तितकीच खरी असते. नसा वेदनेचे संदेश जास्तच जोराने पोचवतात, आणि त्यावर वेगळे, ठरलेले उपचार आहेत. काही आजार असेही आहेत की सुरुवातीला अर्धवट दिसतात आणि वर्षा-दोन वर्षांनी ओळखू येतात. म्हणून 'नॉर्मल' ऐकून फाइल कपाटात टाकू नका. त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा: कुठले आजार नाहीत हे आता नक्की झालं, कुठले अजून शक्य आहेत, माझ्या रक्तक्षयाचं कारण काय धरायचं, आणि कुठलं लक्षण दिसलं तर किंवा किती महिन्यांनी मी परत यायचं? चारही उत्तरं वहीत लिहून घ्या आणि पुढची तारीख ठरवूनच बाहेर पडा.